नियम आणि रिवाज
(पालक मेळाव्यातील भाषणाचा गोषवारा)



गोरेगावात टेनिसची चर्चा कशाला, असे आपणास वाटेल. परंतु दुहेरी टेनिसमध्ये जोरापेक्षा उभे राहण्याची जागा अनेकदा मोलाची ठरते. ही गोष्ट शाळेत रिंग टेनिस खेळणाऱ्यांनीही शिकण्याजोगी आहे.

रिवाज असा की, सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार कोर्टाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात जाळीजवळ उभा राहतो. नियम मात्र त्याला आपल्या बाजूस कोठेही उभे राहू देतो. ऑस्ट्रेलियन पद्धतीत तो सर्व्हिस करणाऱ्याच्याच अर्ध्या भागात राहतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा तिरपा फटका अडतो आणि त्याला रेषेलगत सरळ मारावे लागते. जाळी मध्यभागी 3 फूट, तर खांबाशी साडेतीन फूट उंच असते, हे ध्यानात घ्या. दुसऱ्या एका पद्धतीत जोडीदार जाळीजवळ मध्यभागी वाकून राहतो. कोण कोणत्या बाजूस जाणार, हे पाठीमागे केलेल्या हाताच्या खुणेने आधीच ठरते.

मुंबईत जन्मलेल्या, हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाचा फोरहँड जबरदस्त. म्हणून ती उजवी बाजू सांभाळी आणि जाळीवर चपळ असलेली मार्टिना हिंगीस डावी. 2015 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात, तिसऱ्या सेटमध्ये 2-5 असे मागे असूनही ही जोडी जिंकली.

पालकहो, मुलगी आठवीत गेली की आपण तिला मैदानावरून घरी बोलावतो. हा नियम नव्हे, रिवाज आहे. तिला खेळू द्या. कोठे उभे राहावे, हे ती स्वतः शिकेल.