मागचा पट्टा आणि आपली झाडं

(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘आपल्या आवारातली झाडं’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. पंचवीस वर्षांचं कौतुक बाकीचे वक्ते करतीलच. मी एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

आपण इथे राहायला आलो तेव्हा आवारात नुसता मुरूम होता. मी शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून झाडांचं काम पहिल्या कमिटीनं माझ्याकडे दिलं. मी लवकर वाढणारी रोपं शोधून आणली. चार गुलमोहर, सहा ऑस्ट्रेलियन बाभळी आणि कुंपणाला गिरिपुष्प. तीन-चार वर्षांत सावली झाली आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. एकटी आपल्या गेटवर रानभाजी घेऊन बसणारी कातकरी मावशी मला म्हणाली होती, “बाई, पाला ढोराला चालत नाय, फळ माणसाला चालत नाय. मंग झाड लावलं कशाला?” मी हसले आणि शेवळांची जुडी घेऊन वर गेले.

पुढे एका वर्षी जूनच्या पहिल्याच वादळात मधला गुलमोहर मुळासकट आडवा झाला. दोन स्कूटर गेल्या. त्याच जागी रोज संध्याकाळी आपली मुलं क्रिकेट खेळायची. पाऊस होता म्हणून त्या दिवशी कुणी खाली उतरलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंडळी, गुलमोहराशी माझं भांडण नाही. तो दिसायला देखणा आहे. पण तो मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं आणि ती बाभूळ तर नावातच ऑस्ट्रेलियाची. आपल्याकडे सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जेमतेम चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. खाली मुरूम आणि कातळ. गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असतं, त्यामुळे वादळात तो दगा देतो. मोह, पळस, ऐन, करंज, कुडा ही झाडं मात्र हजारो वर्षं हाच पाऊस आणि हाच उन्हाळा सोसत आलीत. इथली पाखरं आणि किडेही त्यांच्याबरोबरच वाढलेत. उंबराचं बघा. त्याच्या फळात शिरून परागीभवन करणारं चिलट उंबराचंच असतं, दुसऱ्या झाडावर त्याचं भागत नाही. म्हणजे उंबर गेला की चिलटही गेलं, आणि उंबरं खाणारा तांबट पक्षी उपाशी राहिला.

माझं माहेर मुरबाडकडचं, कल्याण-नगर रस्त्यावरच्या टोकावड्याजवळचं. गावाला लहानशी देवराई होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. आम्हाला ती देवाची भीती वाटायची. पुढे वाचलं की माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास केला होता, आणि बाकीचं रान गेलं तरी जुनी झाडं तिथे टिकली होती. गावांनी मिळून झाडं राखायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. सोसायटीसुद्धा एक छोटं गावच की!

गुलमोहर पडल्यावर दोन वर्षांनी आम्ही चार-पाच घरांनी मिळून मागच्या पट्ट्यात काम सुरू केलं. रोपं विकत न आणता बी गोळा करायचं ठरलं. दर मे महिन्यात दोन रविवार मुलांना घेऊन किन्हवली-सरळगाव रस्त्याला जायचं, शेताच्या बांधावर आणि रस्त्याकडेला पडलेलं बी वेचायचं. तानसा अभयारण्यातून काही उचलायचं नाही, तो नियम पहिल्या दिवसापासून.

पहिल्या वर्षी आमची फजितीच झाली. मोहाचं बी मी बरणीत भरून ठेवलं आणि पुढच्या जूनमध्ये पेरलं. एकही रुजलं नाही. आई म्हणाली, “अगं, मोहाचं बी वाट बघत नाही. पडलं की आठवड्याभरात मातीत गेलं पाहिजे.” बहाव्याचं उलट. त्याच्या बीचं कवच इतकं टणक की ते घासून किंवा गरम पाण्यात भिजवून मऊ करावं लागतं. पळसाचं मूळ सरळ खाली जातं, म्हणून त्याची पिशवीत फार दिवस ठेवायची नाही, बी थेट जमिनीतच टोचायची. करंज सगळ्यांत गुणी. टाकली शेंग की उगवला.

मग मी त्या मावशींकडे शिकायला बसले. शेवळं घशाला खाजतात म्हणून त्यात काकडं घालतात, हे आपल्या सगळ्या सुगरणींना ठाऊक आहे. पण ती काकडं ज्या झाडाची, ते काकड मला ओळखता येत नव्हतं! मावशींनी ते दाखवलं. शेवळं पावसाच्या तोंडावर, मग टाकळा, कुलू, भारंगी, कंटोली, असं सगळं वेळापत्रक त्यांना पाठ. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकली, त्याची बातमी देशभर झाली. हे शहाणपण आपल्या गेटवर टोपली घेऊन बसलेलं असतं आणि आपण फक्त भाव करतो.

आज मागच्या पट्ट्यात एकतीस झाडं आहेत. मोह, पळस, बहावा, उंबर, करंज, कुडा, आपटा, काकड आणि दोन ताम्हण. ताम्हण म्हणजे आपल्या राज्याचं फूल, ते महाराष्ट्र दिनाच्या सुमारास फुलतं. लिंबाच्या झुडपावर निळसर-काळी मोठी फुलपाखरं येतात, ती ब्लू मॉर्मन. २०१५ साली ते राज्याचं फुलपाखरू झालं. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातली पानं खातात. म्हणून मुलांनो, पान कुरतडलेलं दिसलं की लगेच फवारा आणायचा नाही.

सगळं गोड झालं असं नाही. काटेसावर लावली होती, कापूस घरात येतो म्हणून तक्रारी झाल्या, ती काढावी लागली. उंबरं पडून गाड्या खराब होतात, झाडायला मावशी कंटाळतात. या तक्रारी खऱ्या आहेत.

आता मुद्द्याचं बोलते. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत मागच्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवून चौदा गाड्यांचं पार्किंग करायचा ठराव येणार आहे. पार्किंगची अडचण मला कळते. माझाच मुलगा रोज गाडी रस्त्यावर लावतो आणि घरी आल्यावर मला ऐकवतो.

तरी एक गोष्ट आठवा. गेल्या मे महिन्यात आपल्या बोअरचं पाणी गेलं आणि टँकर मागवावा लागला. आपल्याच तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं. तानसा धरण तर १८९२ साली पुरं झालं. आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतात. धरणांचं आपल्या हातात नाही. पण आपल्या आवारात पडलेलं पाणी मुरवायचं की गटारात सोडायचं, हे आपल्या हातात आहे. उघडी माती म्हणून आता तो एकच पट्टा उरलाय. बाकी सगळं आपण पंचवीस वर्षांत फरशीखाली घातलं.

मी आणि दोघा सभासदांनी टेप घेऊन मोजमाप केलंय. पूर्वेच्या भिंतीकडचं भंगार आणि वापरात नसलेली टाकी काढली, तर तिथे आठ गाड्या बसतात. चौदा बसत नाहीत. सहा गाड्यांची सोय होत नाही, हे मी लपवत नाही. त्या सहांत माझ्या घरची गाडी धरा, उरल्या पाच. त्या पाच घरांशी बसून बोलायची माझी तयारी आहे.

ज्यांना जमिनीवर झाड लावणं शक्य नाही, त्यांनी गॅलरीत कढीलिंब, अडुळसा, कोरांटी किंवा गुळवेल लावा. रोपं माझ्याकडून फुकट न्या. फक्त दरवर्षी एक बी परत द्या.

मी आता सत्तरी ओलांडली. मागच्या पट्ट्यातला मोह दहा वर्षांचा झाला, अजून एकदाही फुललेला नाही. मोहाला घाई नसते. तो फुलेल तेव्हा पहाटे खाली पडलेली फुलं वेचायला मी असेन-नसेन. पुढे बसलेली ही मुलं असतील. सभेत हात वर करताना तेवढं लक्षात ठेवा.