आपल्या हाताला बेतलेले शेल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पानिपत येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इतिहास, नाट्यसंगीत आणि संतवाङ्मय यांच्या पंक्तीला युनिक्सच्या शेलसाठीही एक पाट मांडल्याबद्दल कार्यकारिणीचे प्रथम आभार मानतो. विषय रुक्ष आहे, हे मी जाणतो. परंतु मंडळाची पन्नास वर्षांची इतिवृत्ते, वर्गणीच्या वह्या आणि गणेशोत्सवाची छायाचित्रे आता लिनक्सच्या एका यंत्रात उतरली आहेत, आणि ती राखण्याचे काम ज्या चारदोन तरुणांच्या अंगावर आले आहे, त्यांना त्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहाव्या लागतात. ती आज्ञा लिहिण्याची जागा आपल्या हाताला कशी बेतून घ्यावी, एवढ्याच प्रश्नापुरते आज बोलावयाचे आहे. आपण बहुतेक जण बदलीच्या नोकरीतली माणसे. आज हे यंत्र, उद्या दुसऱ्या गावचे दुसरे यंत्र. बेतून घेतलेली वस्तू परक्या ठिकाणी गेल्यावर कशी वागते, हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक विचारात घ्यावे लागते.

शेल म्हणजे टरफल. प्रणालीचा गाभा आत, आणि माणसाची आज्ञा ऐकून ती गाभ्यापर्यंत पोचविणारे हे त्याभोवतीचे आवरण. हे नाव लुई पूझँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने मल्टिक्स प्रणालीच्या आखणीच्या वेळी, १९६० नंतरच्या दशकात दिले. त्यापूर्वी अमेरिकेतील एमआयटीमध्ये त्यानेच ‘रनकॉम’ नावाचा एक प्रोग्रॅम रचला होता. एका फाईलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा तो ओळीने पार पाडी. आजच्या ‘बॅशआरसी’, ‘झेडशआरसी’ या फाईलींच्या नावांतील शेवटची दोन अक्षरे, ‘आरसी’, हा त्या रनकॉमचाच अवशेष आहे. पुढे १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला, १९७९ साली स्टीफन बॉर्न यांचे शेल बाहेर पडले, आणि १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेल्या शेलला ‘बॉर्न-अगेन’, म्हणजे पुनर्जन्म पावलेले, असे श्लेषात्मक नाव मिळाले. तेच आजचे बॅश. झेडशेल १९९० साली प्रिन्स्टन येथील पॉल फाल्स्टॅड या विद्यार्थ्याने लिहिले. ॲपलच्या संगणकांवर २०१९ पासून नव्या खात्याला तेच मिळते. आपल्या मंडळाच्या यंत्रावर बॅश आहे. म्हणून मी मुख्यतः त्याच्याविषयी बोलेन, आणि जेथे झेडशेल अधिक शहाणे आहे तेथे त्याचे नाव घेईन.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आज्ञा लिहिण्याचे श्रम वाचविण्याचे दोन मार्ग शेलमध्ये आहेत. एक संकेताचा, ज्याला तेथे ‘एलियस’ म्हणतात, आणि दुसरा पूर्तीचा, म्हणजे ‘कम्प्लीशन’चा. नवशिके दोन्ही एकाच उत्साहाने स्वीकारतात. माझ्या मते हे दोन मार्ग परस्परांच्या उलट दिशेला जातात.

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिच्याच इतिहासातले उदाहरण घेऊ. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर उत्तरेकडून निघालेले सावकारी पत्र पेशव्यांच्या हाती पडले, आणि त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा यांचा हिशेब होता, ही हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात नोंदविली आहे. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार, आणि ज्यांची गणती लागत नाही तो खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई. वाटेत पत्र कोणी फोडले तरी अर्थ कळू नये, एवढ्यासाठी ती योजना. संकेताचे सामर्थ्य हेच, की लिहिलेले एक आणि अभिप्रेत दुसरे. आणि त्याची अडचणही नेमकी तीच.

शेलमधला संकेतही असाच असतो. ‘एलएल’ एवढी दोन अक्षरे लिहिली की शेल त्यांच्या जागी फाईलींची तपशीलवार यादी मागणारी लांब आज्ञा ठेवते. यात गैर काही नाही, कारण ‘एलएल’ हे नाव मूळ आज्ञांत नाही. परक्या यंत्रावर ते लिहिले तर ‘अशी आज्ञा नाही’ एवढेच उत्तर येते. खरा धोका आहे तो प्रस्थापित आज्ञेचेच नाव घेऊन तिला निराळा अर्थ देणाऱ्या संकेताचा. फाईल पुसून टाकणारी ‘आरएम’ ही आज्ञा मुळात काहीही विचारत नाही. सांगितले की पुसले. तिला ‘-आय’ हा पर्याय जोडला तर प्रत्येक फाईलीगणिक ती परवानगी मागते. म्हणून पुष्कळ लोक ‘आरएम’ याच नावाचा संकेत करून त्यात तो पर्याय कायमचा बसवितात. रेड हॅटच्या लिनक्समध्ये मुख्य चालकाच्या खात्याला हा संकेत वर्षानुवर्षे तयारच मिळत आला.

दिसायला ही सावधगिरी आहे. परंतु हाताला काय वळण लागते ते पाहावे. मनुष्य ‘आरएम’ आणि पुढे तारांकन लिहून मोकळा होतो, कारण यंत्र विचारणार आहे हे त्याने गृहीत धरलेले असते. मग कोणती फाईल ठेवायची आणि कोणती नाही, हे तो प्रश्न आल्यावर ठरवितो. हाच गृहस्थ दुसऱ्या गावच्या यंत्रावर बसला, किंवा त्याने हीच आज्ञा एखाद्या स्क्रिप्टमध्ये लिहिली, की प्रश्न येतच नाही. बॅशची स्क्रिप्ट एरवी संकेत उलगडत नाही आणि ‘बॅशआरसी’ वाचतही नाही. घरी जो हात प्रश्नाची वाट पाहत थांबत असे, तो तेथे इतिवृत्ताची पन्नास वर्षे क्षणात पुसून बसतो. तेव्हा माझी विनंती अशी, की संकेत करायचाच तर त्याला नवे नाव द्यावे. ‘पुसूका’ असे म्हणा हवे तर. मात्र ‘आरएम’ला ‘आरएम’च राहू द्यावे.

पूर्तीचे तसे नाही. नावाची पहिली काही अक्षरे लिहून टॅबची कळ दाबली की शेल उरलेले नाव स्वतः लिहिते, आणि ते पुरे नाव, एंटर दाबण्यापूर्वी, आपल्या डोळ्यांसमोर उभे असते. ही कल्पना युनिक्सची नव्हे. बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या संस्थेतील टेनेक्स प्रणालीत एस्केपची कळ दाबली की शब्द पुरा होई. ती सोय केन ग्रीअर यांनी बिल जॉय यांच्या सी-शेलला जोडली, आणि त्या शेलच्या ‘टीसीशेल’ या नावातला ‘टी’ हा टेनेक्सचा टी आहे.

आपल्याकडे पत्रलेखनात पूर्ती वाचणाऱ्याकडे सोपविलेली असे. ‘ती.’ दिसले की तीर्थरूप, ‘चि.’ दिसले की चिरंजीव, मोडी कागदांत ‘मौ॥’ म्हणजे मौजे आणि ‘प॥’ म्हणजे परगणे. पण ‘सा. न. वि. वि.’ यातला ‘सा.’ साष्टांगाचा की सादराचा, हे पत्र कोणी कोणास लिहिले आहे ते पाहूनच ठरवावे लागते. शेलची पूर्ती हा संशय ठेवत नाही. दोन नावे जुळत असतील तर ती दोहोंत समान असेल तेवढेच लिहून थांबते, आणि टॅब दुसऱ्यांदा दाबल्यावर दोन्ही नावे समोर मांडते. हे दोनदा दाबणे ज्यांना जाचते त्यांनी ‘इनपुटआरसी’ या फाईलीत ‘शो-ऑल-इफ-ॲम्बिग्युअस’ हा पर्याय चालू करावा. पर्यायांची यादी पहिल्याच टॅबला येते. त्याच फाईलीत ‘कम्प्लीशन-इग्नोर-केस’ चालू केल्यास इंग्रजी नावांतील मोठ्या-लहान अक्षरांचा भेद मानला जात नाही. देवनागरीला हा रोग मुळातच नाही, एवढे अभिमानाने नमूद करून पुढे जातो.

सन २००० मधल्या बॅशच्या २.०४ या आवृत्तीपासून पूर्तीला प्रसंग ओळखायलाही शिकविता येऊ लागले. ‘सीडी’ या आज्ञेपुढे टॅब दाबला तर केवळ फोल्डरच दाखवावेत, एखाद्या आज्ञेचे पर्याय त्या आज्ञेपुढेच सुचवावेत, असे नियम तिला देता येतात. हे नियम स्वतः लिहीत बसण्याची गरज नाही. ‘बॅश-कम्प्लीशन’ या नावाने ते संग्रहरूपाने तयार मिळतात. झेडशेलमध्ये ‘कॉम्पइनिट’ या आज्ञेने हीच यंत्रणा जागी होते, आणि ‘झेडस्टाइल’ने तिला ‘मेनू सिलेक्ट’ असे सांगितले की जुळणाऱ्या नावांच्या यादीतून बाणाच्या कळांनी हवे ते नाव उचलता येते.

हा शेवटचा पर्याय मराठी माणसाने अवश्य चालू करावा, आणि त्याचे कारण आपल्याच लिपीत आहे. मंडळाची एक फाईल आहे, ‘पदाधिकाऱ्यांची यादी’. यातला ‘ऱ्या’ संगणकात एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. नुक्ता असलेला स्वतंत्र र आणि त्यापुढे हलन्त चिन्ह ही एक रीत. साधा र, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ही दुसरी. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, आणि पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारख्या उमटतात. शेल मात्र डोळ्यांनी वाचत नाही. ते बाइट मोजते, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, या हिशेबाने ही दोन नावे तिला पूर्णतः भिन्न आहेत. एकाने एका कळफलकावर केलेली यादी दुसऱ्याला दुसऱ्या कळफलकावरून नाव लिहून उघडता येत नाही. समोर दिसणाऱ्या फाईलीविषयी ‘अशी फाईल नाही’ असे उत्तर येते, आणि मनुष्य चष्मा पुसू लागतो. त्याहून वाईट म्हणजे, जुनी सापडत नाही म्हणून तो त्याच नावाची नवी यादी करतो. पुढच्या वर्षी दोन याद्या, दोन कोषाध्यक्ष!

यावर उपाय एवढाच, की नाव लिहूच नये. ‘पदाधिका’ इथपर्यंत यावे आणि टॅब दाबावा. पूर्ती जे लिहिते ते फाईलीचे खरे नाव असते, ज्या बाइटांनी ती फाईल निर्माण झाली त्याच बाइटांचे. एकसारखी दोन नावे यादीत उभी राहिली, तर घोळ कोठे आहे हेही तेथेच कळते. मात्र यासाठी यंत्राचे लोकेल यूटीएफ-८ असले पाहिजे. नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

रक्षणाचे पर्याय थोडक्यात सांगतो. बाणाच्या टोकासारखे चिन्ह वापरून एखाद्या आज्ञेचे उत्तर फाईलीत ओतता येते. परंतु त्या नावाची फाईल आधीच असेल तर तिच्यातले सारे जाऊन नवे येते. ‘नोक्लॉबर’ हा पर्याय चालू असला तर शेल असे ओतू देत नाही. मुद्दाम ओतायचे असेल तर त्या चिन्हापुढे उभी रेघ द्यावी लागते. हा पर्याय नक्कल करणाऱ्या किंवा नाव बदलणाऱ्या आज्ञांना आवरत नाही, हे ध्यानात असावे. झेडशेल तर ‘आरएम’पुढे नुसते तारांकन दिसले की आपण होऊन ‘खरेच सर्व पुसायचे का’ असे विचारते, आणि ‘आरएम स्टार वेट’ हा पर्याय चालू केल्यास आधी दहा सेकंद थांबते. त्या दहा सेकंदांत कितीही ‘हो’ लिहा, ते ऐकत नाही. ज्याने हे सुचविले त्याला गृहस्थाश्रमाचा अनुभव असावा. घरच्या झेडशेलवर हा पर्याय मी ठेवतो, परंतु परक्या यंत्रावर तो भेटेल या भरवशावर कधी बसत नाही.

चुकलेले नाव आपणहून दुरुस्त करू पाहणारा ‘करेक्ट’ हा पर्याय आज्ञांपुरता ठीक आहे. ‘करेक्ट ऑल’ मात्र बंद असावा. तो फाईलींच्या नावांनाही हात घालतो आणि पावलोपावली शंका काढतो.

लिहिलेल्या आज्ञांची नोंद शेल स्वतः ठेवते. ‘हिस्टटाइमफॉर्मॅट’ हा चल भरला की बॅशमध्ये प्रत्येक नोंदीबरोबर तिची वेळही राहते. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दीसारखेच हे. कोणत्या दिवशी कोणती फाईल हलविली, ते वर्षानंतरही पाहता येते. येथेही पूर्तीचा लाभ दिसतो. टॅबने लिहिलेली आज्ञा नोंदीत पूर्ण नावानिशी उतरते. संकेत मात्र संकेतच राहतो, आणि तो करणाऱ्याची बदली झाली की त्याच्या जागी आलेल्याला ती रोजकीर्द मोती आणि मोहरांच्या पत्रासारखी वाचावी लागते. म्हणून मंडळाच्या यंत्रावरील ‘बॅशआरसी’त जे संकेत राहतील, त्या प्रत्येकाच्या वर आरंभी हॅशचे चिन्ह देऊन मराठीत एक ओळ लिहावी: हा कशासाठी, कोणी आणि केव्हा केला. हॅशपुढचे शेल वाचत नाही, माणसे वाचतात.

आपली फाईल बदलीच्या गावी नेणे सोपे आहे. ती साधा मजकूर असल्याने टपालानेसुद्धा पाठविता येईल. नव्या यंत्रावर ती बसविण्यापूर्वी तेथे आधीच असलेली ‘बॅशआरसी’ वेगळ्या नावाने राखून ठेवावी आणि आपले पर्याय एकेक करून तिच्यात उतरवावेत, कारण आधीच्या माणसाने त्या यंत्राची काही गरज पाहूनच काही ओळी लिहिलेल्या असतात.

मंडळाचे यंत्र मागच्या खोलीत मांडून ठेवले आहे. ‘पदाधिकाऱ्यांची यादी’ दोन्ही रीतींनी लिहून त्यावर ठेवली आहे. चहा झाल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे. प्रथम नाव हाताने लिहून पाहावे, मग टॅब दाबून.