एका कोरड्या दुखण्याची हकीगत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, महिला शाखेच्या सभेत केलेले भाषण)



आरंभीच एक क्षमा मागून ठेवते. माझ्या हाताशी हा पाण्याचा पेला आहे आणि दर दोनचार वाक्यांनंतर मी त्यातला घोट घेणार आहे. गेल्या वर्षी ह्याच सभागृहात आभार मानण्याचे काम माझ्याकडे होते. तिसऱ्या वाक्याला जीभ टाळ्याला चिकटली आणि पुढचा शब्द बाहेर पडेना. मागच्या रांगेतून कोणीसे म्हणाले, "घाबरल्या वाटतं!" तीस वर्षे शाळेत शिकविलेल्या बाईला आपल्याच माणसांसमोर बोलताना भय वाटावे असे नाही, पण खुलासा करावा तर तोंडच चालत नव्हते. यंदा चिटणीसांनी आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची सूचना केली, तेव्हा तो राहून गेलेला खुलासा आज करावा असे मी ठरविले.

आम्ही सोलापूरचे. तेथील उन्हाळा कोरडा, हवा कोरडी, आणि आमची प्रसिद्ध कडक भाकरीही कोरडीच. त्यामुळे २०११ साली डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले तेव्हा मी दोष हवेला दिला. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत. पुढे दिव्याच्या उजेडात वह्या तपासणे अवघड होऊ लागले. मग भाकरीचा घास पाण्यावाचून उतरेना. दोन वर्षांत चार दाढा मुळाशी किडल्या. दंतवैद्यांनी विचारले, "गोड फार खाता का?" नेत्रवैद्यांनी धुळीचे वावडे ठरवून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी उरलासुरला ओलावाही आटतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. बोटांचे सांधे दुखत, दुपारी चारच्या सुमारास अंगातले त्राण एकाएकी निघून जाई. त्याला सर्वांनी मिळून 'वय' असे नाव दिले. डोळे एकाकडे, दात दुसऱ्याकडे, सांधे तिसऱ्याकडे, अशी मी तुकड्यातुकड्यांनी दाखविली जात होते. ह्यात कोणा एकाचा दोष काढावा असे मला वाटत नाही. मी स्वतः तरी तिन्ही गोष्टी एका ठिकाणी कोठे सांगितल्या होत्या?

ह्या सगळ्यात जो प्रसंग मनातून जात नाही, तो मात्र वैद्यांच्या दारातला नाही, आमच्या घरातला आहे. २०१४ साली सासूबाई गेल्या. शेवटची सहा वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचे सर्व मी केले होते. त्या गेल्या तेव्हा पोटात खड्डा पडला, हुंदका आला, पण डोळ्यांतून एक टिपूस आले नाही. डोळे नुसते जळत राहिले. समाचाराला आलेल्या बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी कोरडी बसले होते. स्वयंपाकघरात कोणी तरी हलक्या आवाजात बोलले, "सुटली म्हणून बरं वाटलं असेल." मला ते ऐकू आले. त्याहूनही वाईट असे की त्या रात्री मला माझीच शंका आली. मन इतके का दगडाचे झाले असेल, असा विचार करीत मी पहाटेपर्यंत जागी होते. कांदा चिरतानाही आपल्याला हल्ली पाणी येत नाही, हे तेव्हा लक्षात यावयास हवे होते. पण दुःख आणि कांदा ह्यांचा संबंध कोण जोडतो?

२०१६ साली सांधेदुखीच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांनी प्रथमच विचारले, "डोळे आणि तोंड कोरडे पडते का?" खालच्या पापणीत टीपकागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटे ठेवतात आणि ती किती भिजली ते मोजतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर ओलावा फारच कमी, असे समजतात. माझी दोन मिलिमीटर भिजली. मग रक्त तपासले, खालच्या ओठाच्या आतून बारीकशा लाळग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आणि दुखण्याला नाव मिळाले : शोग्रेनचा विकार.

हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनमधील नेत्रवैद्य. १९३३ साली त्यांनी आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची हकीगत मांडली. त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. परीक्षकांना तो प्रबंध फारसा मोलाचा वाटला नाही. दहा वर्षांनी, १९४३ साली, त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि मग त्यांचे नाव सर्वत्र झाले. शोध लावणाऱ्याचेच जेथे प्रथम कोणी ऐकले नाही, तेथे रोग्याचे कोण ऐकणार, असे माझ्या मनात येते. ह्या विकारात शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर चालून जातात आणि त्यांची हळूहळू नासधूस करतात. दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा चाळिशीपन्नाशीच्या. म्हणजे ज्या वयात बाईच्या तक्रारीला 'वय' म्हणण्याची आपली रीत आहे, नेमक्या त्याच वयाच्या. व्हीनस विल्यम्स ह्या टेनिसपटूने २०११ साली अमेरिकेतील खुली स्पर्धा ह्याच दुखण्यापायी सोडली.

हा विकार समूळ बरा करणारे औषध नाही. ब्राझीलमधील एका झुडपाच्या पानांत सापडणाऱ्या पिलोकार्पिन नावाच्या द्रव्याने लाळ थोडी वाढते. सांध्यांसाठी वेगळ्या गोळ्या असतात. बाकी सारे घरातच निभवावयाचे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्न भिजविते, दात धुते, जीभ हलती ठेवते. नसली म्हणजे काय काय अडते ते अनुभवल्यावाचून कळत नाही. भाकरी मी ताकात किंवा आमटीत भिजवून खाते. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, रव्याचा लाडू हे माझ्यापुरते संपले. "लिंबाची फोड चोखावी, तोंडाला पाणी सुटते," असा सल्ला मला निदान वीस जणींनी दिला आहे. तो प्रेमाचा आहे, पण घातक आहे. लाळ नसलेल्या तोंडात आंबट पदार्थ दातांचे वरचे कवच खातो. पाणी घटाघटा पिऊनही उपयोग नाही. उरलेली लाळ धुतली जाते आणि रात्री चार वेळा उठावे लागते. घोट घोट घ्यावे. कृत्रिम अश्रूंचे थेंब मी दर दोन तासांनी घालते. एवढ्या वेळा घालावयाचे तर ते टिकाऊपणाचे रसायन न घातलेले हवेत, नाही तर त्या रसायनानेच डोळा चुरचुरतो. डोक्यावरच्या पंख्याखाली मी बसत नाही, ह्याचा कृपा करून कोणी मानापमानाशी संबंध जोडू नये.

आणि एक गोष्ट महिला शाखेच्या भगिनींना. हरितालिकेचा निर्जळी उपवास मी सोडला. पहिल्या वर्षी घरात बरीच कुरबुर झाली. शेवटी मामंजींनीच मला पाण्याचा पेला आणून दिला आणि म्हणाले, "घे, देवी काही तहान मोजीत बसत नाही." त्या पेल्याने मला औषधाहून अधिक आधार दिला.

आता ज्या गोष्टीसाठी बोलावयास उभी राहिले ती सांगते. माझ्या भाचीला सव्विसाव्या वर्षी हाच विकार निघाला. असे सरसकट प्रत्येक घरात होत नाही, पण एका कुटुंबात एकाहून अधिक जणांना असे विकार होतात, हे खरे आहे. तिचे नाव आपल्या मंडळाच्या वधूवर नोंदणीत होते. घरातल्या वडील माणसांचे मत पडले की वाच्यता करू नये. आणि आज मीही हा विषय काढू नये, अशी मला सूचना होती. त्यांची काळजी मी समजू शकते. परंतु लपवून भागत नाही, त्याचे कारण केवळ नीतीचे नाही. ह्या विकारात पुष्कळ स्त्रियांच्या रक्तात एक प्रतिद्रव्य असते, त्याला 'रो' म्हणतात. गरोदरपणी ते वारेतून बाळाकडे जाते, आणि असे प्रतिद्रव्य असलेल्या शंभर गर्भारपणांत सुमारे दोनांत बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून साधारण चौथ्या महिन्यापासून बाळाचे हृदय तपासत राहावे लागते. जिने सासरी आपले दुखणे लपविले आहे, तिने ही तपासणी कोणत्या तोंडाने मागावी?

भाचीने स्वतःच सांगितले. दोन स्थळे फिरली. एकाने तर निरोपही पाठविला नाही. तिसऱ्या स्थळी मुलाच्या आईने एवढेच विचारले, "जेवणात काय चालतं हिला?" गेल्या श्रावणात तिला मुलगी झाली, ठोके अखेरपर्यंत नीट होते.

कानाखाली गाठ किंवा सूज बरेच दिवस टिकली तर ती मात्र दाखविण्यास एक दिवसही दवडू नये. ह्या विकाराच्या शंभर रोग्यांत सुमारे पाच जणांना पुढे लसीकाग्रंथींचा कर्करोग होतो, आणि तो वेळेवर सापडणे महत्त्वाचे असते.

कार्यकारी मंडळाला दोन विनंत्या आहेत. नोंदणीच्या छापील अर्जात 'प्रकृती' असा एक रकाना आहे आणि त्यात सगळेच 'निरोगी' असे लिहितात. मीही माझ्या मुलाच्या अर्जात तसेच लिहिले होते. तो रकाना काढून टाकावा. अशा गोष्टी समोरासमोर बसून बोलावयाच्या असतात, कागदावर त्या नेहमी खोट्याच उतरतात. दुसरी विनंती, पुढील हळदीकुंकवाला ओट्यावर पाण्याचा माठ भरून ठेवावा आणि धूप खिडकीपाशी लावावा.

माझा पेला रिकामा झाला आहे.