सोमवारची परीक्षा



आज पापाविषयी चार शब्द बोलायचे आहेत. पाप म्हटले की आपल्याला खून आठवतो, दरोडा आठवतो. ते काही आपण केलेले नाही. म्हणून आपण निर्धास्त असतो.

पण नांगरताना शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरला, ते काय? दुधात तांब्याभर पाणी घातले, ते काय? भाकरी करपली म्हणून बायकोवर हात उगारला, ते काय? रविवारी आपण उपासनेला जातो, गुडघे टेकतो. सोमवारी शेत असते, बाजार असतो, घर असते. खरी परीक्षा सोमवारी होते.

कुणी म्हणेल, "आमचा बाप्तिस्मा झालाय. मग पाप अजून का छळतं?" हा प्रश्न फार जुना आहे. पौल एवढा मोठा प्रेषित. त्यानेही रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हेच दुःख सांगितले आहे. चांगले करावे असे त्याच्या मनात असे, आणि हातून नको तेच घडे. तेव्हा मनात झगडा चालू आहे म्हणून हिंमत सोडू नका. ज्याला पाप टोचतच नाही, त्याने मात्र घाबरावे.

आता आपल्या नाशिकजवळचीच एक गोष्ट ऐका. जलालपूर गाव आपल्याला ठाऊक आहे. 1868 साली तिथे लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील फार सोवळे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत. विटाळाची भीती लहानपणीच लक्ष्मीबाईंच्या मनात बसली. पुढे त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही काळ त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तरी सोवळे सुटेना.

मग त्यांनी स्वतःच विचार केला. जात देवाने केली, की माणसाने? माणसानेच केली, हे त्यांना पटले. मग त्या कुणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, 1900 साली. पुढे त्यांनी अनाथ मुलांना घरात घेतले, पोटच्या लेकरांसारखे वाढवले.

आपल्यात पुष्कळदा उलटे होते. बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटल्या, पण सोयरीक जुळवताना हळूच विचारतात, "मूळचे कोण हो तुम्ही?" हेही पापच आहे. ते दिसत नाही, म्हणून जास्त चिवट आहे.

आणि टिळक? त्यांची भक्तिगीते मंडळ्यांतून आजही गातात. पण त्यांचा स्वभाव तापट. राग आला की घर सोडून निघून जात. बाप्तिस्म्याने स्वभाव एका दिवसात बदलला नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात हे काही लपवले नाही. पतीचे प्रेमही लिहिले, रागही लिहिला. स्वतःचे हट्टही सांगितले. या बाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर घरीच वाचायला शिकल्या. तुम्ही आता शिकलात, तसेच.

मग आपण काय करावे?

पहिले, पापाला त्याच्या नावाने हाक मारा. "चुकून झालं," "सगळेच करतात," असे म्हणू नका. चोरीला चोरी म्हणा.

दुसरे, घेतलेले परत करा. जक्कय जकातदार होता. प्रभू येशू त्याच्या घरी गेले. तेव्हा जक्कय म्हणाला की फसवून घेतले असेल ते चौपट परत देईन. नुसते रडून त्याने भागवले नाही. कोरलेला बांध प्रार्थनेने मागे सरत नाही. कुदळ घेऊन जावे लागते.

तिसरे, सूर्य मावळण्याआधी राग सोडा. इफिसच्या मंडळीला पौलाने हाच सल्ला दिला. नवऱ्याने बायकोची माफी मागितली, बापाने लेकराची मागितली, तर त्यात कमीपणा नाही. पण बायांनो, एक ध्यानात ठेवा. क्षमा करणे म्हणजे रोज मार खाणे नव्हे. जिवावर बेतत असेल तर चार माणसांत बोला, मदत मागा. त्यात पाप नाही. पाप मारणाऱ्याचे आहे.

चौथे, पडलात तर उठा. पेत्राने विचारले, भावाला कितीदा क्षमा करावी, सात वेळा? प्रभूने सांगितले, सातच्या सत्तर पट. माणसाला जो एवढी क्षमा करायला सांगतो, तो स्वतः किती करील!

शेवटी शरणपूरची आठवण देतो. नाशिकचे शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनने ते वसवले. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकेतली मुले तिथे राहिली, शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. डॉक्टर लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांच्या देहासोबत तो 1874 साली लंडनपर्यंत गेला. या मुलांची बेडी एका दिवसात तुटली असेल. पण अक्षरे गिरवायला, हुन्नर शिकायला, स्वतःच्या पायांवर उभे राहायला वर्षे लागली.

आपलेही तसेच आहे. प्रभूने बेडी तोडली आहे. मोकळ्या माणसासारखे चालायला मात्र रोज शिकायचे आहे. उद्या सोमवार आहे. दुधाची चरवी उचलाल, नांगर धराल, तेव्हा एवढे आठवा.

देव आपणा सर्वांना बळ देवो.