ग्रँडमास्टरला पटावर नेमकं काय दिसतं?

हेडफोन लावलेत? मग एक छोटा खेळ. समोर बुद्धिबळाचा पट आहे, ऐन रंगात आलेल्या डावाचा. पंचवीसेक मोहरी आहेत. पाच सेकंद बघा. आता पटावर कापड टाकलं. शेजारच्या रिकाम्या पटावर तोच डाव मांडायचाय. किती मोहरी बरोबर लागतील?

मी गेल्या रविवारी भाच्यासोबत करून पाहिलं. माझी पाच लागली. त्यातलाही एक उंट काळ्याचा पांढरा झाला. भाचा अर्धा तास हसत होता.

हा विषय मला जरा लागतो, कारण आठवीत मी बुद्धिबळाचा क्लास सोडला. सोडला म्हणजे काय, सरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "याची मेमरी कमी पडते हो, हा गेम याच्यासाठी नाही." मी दाराआड उभा होतो. पुढे कितीतरी वर्षं सनावळ्या पाठ झाल्या नाहीत, रसायनशास्त्राची सूत्रं विसरलो, की मला ते वाक्य आठवायचं. मेमरीच कमी, काय करणार!

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर पहिला मेसेज कोणता? "काय मेमरी असेल पोरीची!" मला वाटलं, अरे, हे तर सरांचंच वाक्य, फक्त उलटं करून घातलेलं.

मग मी वाचायला बसलो. नेदरलँड्समध्ये आद्रियान द ग्रोट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. स्वतः तगडे खेळाडू, ऑलिम्पियाड खेळलेले. त्यांनी मोठमोठ्या ग्रँडमास्टर्सना पटासमोर बसवून सांगितलं, जे डोक्यात येतंय ते मोठ्यानं बोला. सगळ्यांना वाटत होतं, हे लोक दहा-पंधरा चाली पुढचं बघत असणार. तसं काही निघालं नाही. बऱ्या खेळाडूंपेक्षा ते फार खोल जात नव्हते. फरक असा, की चांगली चाल त्यांना सुरुवातीलाच 'दिसत' होती. आणि काही सेकंद दाखवलेला डाव ते जवळपास जसाच्या तसा सांगत.

आता खरी गंमत. १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन (हेच सायमन, ज्यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी आपला मघाचा पाच सेकंदांचा खेळ केला. नवशिक्याची चारेक मोहरी बरोबर, बऱ्यापैकी खेळणाऱ्याची आठेक, मास्टरची सोळाच्या आसपास. मग त्यांनी मोहरी पटावर वाट्टेल तशी विखरून ठेवली, खऱ्या डावात कधीच येणार नाहीत अशी. आणि मास्टर धाडकन खाली आला. नवशिक्याच्याच रांगेत! (नंतरच्या अभ्यासांत मास्टर तिथेही थोडे पुढे दिसले, पण थोडेच.)

म्हणजे मेमरी मोठी असती, तर ती विखुरलेल्या पटावरही चालली असती ना?

असं बघा. लोकलमधून 'दादर' ही पाटी दिसली, की तुम्ही द, काना, द, र असं जुळवत बसत नाही. एका नजरेत दादर. ज्याला देवनागरी येत नाही, तो मात्र एकेक रेघ लक्षात ठेवेल आणि तिसऱ्या रेघेला गोंधळेल. मास्टर पट वाचतो. कॅसलिंग केलेला राजा, शेजारी हत्ती, पुढे तीन प्यादी, जवळ घोडा, ही आपल्याला सहा मोहरी, त्याला एक शब्द. असे गठ्ठे मास्टरच्या डोक्यात पन्नास हजारांच्या घरात असावेत, असा सायमन यांचा अंदाज होता. ते वर्षानुवर्षं डाव बघून साठतात. कुणी जन्माला घेऊन येत नाही.

डोळ्यांचा माग ठेवणाऱ्या कॅमेऱ्यानंही हेच दाखवलं. नवशिक्याची नजर मोहऱ्यामोहऱ्यावर उड्या मारते. तरबेज खेळाडूची नजर बऱ्याचदा दोन मोहऱ्यांच्या मधल्या जागेवर थांबते, तिथून दोन्ही एकदम टिपते. मेंदूच्या स्कॅनचे प्रयोगही झालेत. चेहरे ओळखताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तो तज्ज्ञांमध्ये पट बघतानाही जास्त चालतो, असं काहींना आढळलं, काहींना नाही. तो वाद त्यांना घालू दे.

मला जास्त हादरवलं ते २००८ च्या एका प्रयोगानं. बिलालिच, मॅक्लिऑड आणि गोबे या तिघांनी असा डाव मांडला, की त्यात पाच चालींची एक प्रसिद्ध मात होती आणि तीन चालींची एक साधी, कमी ओळखीची. चांगल्या खेळाडूंना पाच चालींची लगेच दिसली. याहून लहान आहे का? ते म्हणाले, शोधतोय. आणि ते खोटं बोलत नव्हते! पण कॅमेरा सांगत होता, की नजर पुन्हापुन्हा त्या पहिल्या मातेच्याच घरांवर जातेय. एक उंट हलवून ती ओळखीची मात बंद केली, आणि तीन चालींची मात त्यांना सापडली.

म्हणजे ज्या ओळखीमुळे दिसतं, तीच ओळख कधीकधी समोरचं झाकते. सरांवर माझा राग होता, तो इथे थोडा निवला. त्यांनी शेकडो पोरं पाहिली होती, माझ्यावर एक नजर टाकली आणि त्यांना ओळखीचा गठ्ठा दिसला. मग त्यांची नजर तिथून हललीच नाही. पण दाराआड मी होतो हेही खरंच, आणि मीही पंधरा वर्षं त्याच घराकडे बघत राहिलो.

सध्या रोज रात्री फोनवर दहा कोडी सोडवतो. घोड्याचा दुहेरी मारा आता जरा लवकर दिसायला लागलाय. या रविवारी भाचा परत पट मांडणार आहे, पाच सेकंद. उंटाचा रंग तेवढा नीट बघीन म्हणतो. तुमची किती लागली ते कळवा. भेटू!