हिरवळीची सक्ती नाही
घर आपलं, अंगण आपलं. पण अंगणात काय लावायचं हे ठरवणार वसाहतीची घरमालक संघटना! अमेरिकेत अशा अनेक वसाहतींच्या नियमांत एकसारखी कापलेली हिरवळच शोभेची मानली जाते.

मेरीलँड राज्यातल्या कोलंबिया इथल्या एका दांपत्यानं हिरवळ काढून स्थानिक फुलझाडं लावली. कीटकनाशकं बंद केली. मधमाश्या, फुलपाखरं येऊ लागली. 2017 साली संघटनेच्या वकिलांचं पत्र आलं : बाग काढा, हिरवळ लावा. दोघं कोर्टात गेले. 2020 च्या अखेरीस तडजोड झाली. किरकोळ फेरफार करून बाग टिकली.

पुढे राज्यानं कायदाच केला. 1 ऑक्टोबर 2021 पासून मेरीलँडमधली संघटना हिरवळीची सक्ती करू शकत नाही. परागीभवनाला पोषक बाग, पावसाचं पाणी जिरवणारी बाग यांवर अवाजवी बंधनं घालता येत नाहीत. दिसण्याबाबत वाजवी नियम मात्र करता येतात आणि बागेची नियमित निगा राखणं मालकावर बंधनकारक आहे.

हा हक्क मोलाचा का, ते एका झाडावरून कळेल. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त मिल्कवीडवर जगतात. हे आपल्या रुईच्या कुळातलं झाड, तोडलं की तसाच पांढरा चीक. आपल्याकडे रुईवर ‘प्लेन टायगर’ फुलपाखरू अंडी घालतं. नुसत्या हिरवळीवर मोनार्कची एक अळीसुद्धा वाढत नाही.

म्हणून मेरीलँडमध्ये घर असलेल्या मराठी श्रोत्यांनी संघटनेची नोटीस आली तर घाईनं बाग उपटू नये. आधी कायदा वाचावा, बागेचे फोटो काढावेत आणि लेखी उत्तर द्यावं.