लेकरं घडवणारा पैलवान : हरिश्चंद्र मामा बिराजदार

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात आपल्या माजी खजिनदारांनी केलेले भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही सोसायटीच्या हिशेबावर बोला." मी म्हटलं, पस्तीस वर्षं बँकेत हिशेबच केला. आज मला एका पैलवानावर बोलू द्या. शेवटी हिशेबावर येतोच.

मी मूळचा निलंगा तालुक्यातला. त्याच तालुक्यातल्या रामलिंग मुदगड या गावचे हरिश्चंद्र बिराजदार. तेव्हा लातूर हा जिल्हा नव्हता, आम्ही उस्मानाबादेत मोडायचो. लातूर जिल्हा झाला तो 1982 साली. पाण्याची टंचाई, कोरडवाहू शेती, घरोघरी ज्वारीची भाकरी. पैलवानाला दूध, तूप, बदामाचा खुराक लागतो. तो आमच्या भागात कुठून आणायचा? कुस्ती म्हणजे कोल्हापूर, असाच तेव्हाचा समज.

1969 साली महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातुरात भरलं. मी कॉलेजला होतो. खोलीतली आम्ही चार पोरं गेलो आणि पार मागं उभी राहिलो. खरं सांगतो, कुस्ती कमी दिसली, पुढच्यांचे फेटे अन् टोप्याच जास्त दिसल्या. निकाल कळला तो लोकांच्या आरोळीतून. आपल्या मातीतला हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाला होता! शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडून रडला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

पुढच्याच वर्षी, 1970 ला, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. 1977 ला बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला त्यांनी हरवलं. सतपाल म्हणजे गुरू हनुमानांचा पट्ठा, अंगानं पहाडासारखा. मी तेव्हा बँकेत नवीन होतो. दुसऱ्या दिवशी काउंटरवर स्लिपा बाजूला अन् कुस्तीच्याच गप्पा. लोक त्यांना रुस्तुम-ए-हिंद म्हणूनही ओळखायचे.

पण मित्रहो, मी आज एवढ्यासाठी उभा नाही. गदा, पदकं, फोटो काचेच्या कपाटात राहतात. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

पैलवानाचं वय लवकर उतरतं. लंगोट उतरवल्यावर काय करायचं, हा मोठा प्रश्न असतो. आपल्याला निवृत्तीनंतर पडतो तसाच, फक्त त्यांना तो पस्तिशी-चाळिशीत पडतो. बिराजदारांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवायला घेतली. वस्ताद म्हणजे नुसता डाव शिकवणारा नव्हे. पहाटे काळोखात पोरांना उठवायचं, जोर-बैठका काढून घ्यायच्या, हौद्यातली माती उकरून घ्यायची, कोण जेवला, कोणाला ताप आहे, कोणाच्या घरून दोन महिने पैसे आले नाहीत, हे बघायचं. दहा-बारा वर्षांचं लेकरू आई-बापाला सोडून तालमीत येतं. रात्री त्याला घर आठवलं तर जवळ कोण असतं? वस्तादच.

म्हणून त्यांना नुसतं वस्ताद कोणी म्हणालं नाही. सगळे म्हणायचे 'मामा'. आपल्याकडं बापाचा धाक असतो, पण हट्ट चालतो तो मामाकडं. चुकलं तर रागावणारा अन् रागावून झाल्यावर ताटात वाढणारा. हे नाव सरकार देत नाही, ते लेकरंच देतात. तसा सरकारनंही त्यांना ध्यानचंद पुरस्कार दिला. खेळून झाल्यावरही खेळाची सेवा करणाऱ्याला तो मिळायचा.

14 सप्टेंबर 2011 ला मामा गेले. त्यांच्या तालमीत वाढलेला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे तेव्हा ऐन उमेदीत होता. पुढं आपल्या लातूरचेच अर्जुनवीर काका पवार यांनी त्याला सांभाळलं. अन् 2018 च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, 57 किलो गटात राहुलनं कॅनडाच्या पैलवानाला 15-7 नं हरवून सुवर्ण घेतलं. ते पदक त्यानं बिराजदार मामांना अर्पण केलं. मामांच्या सुवर्णानंतर 48 वर्षांनी, अन् मामांना जाऊन सात वर्षं होत आली असताना! मी घरात टीव्हीपुढं बसलो होतो. आमच्या सौ.नं विचारलं, "अहो, डोळ्यांत काय गेलं?" मी म्हटलं, "माती."

आता हिशेबावर येतो.

माझा मुलगा नववीत असताना म्हणाला होता, "बाबा, मला तालमीत जाऊ द्या." मी म्हटलं, "दहावी जवळ आली, गप क्लासला जा." लातूर पॅटर्नचा जिल्हा आमचा! पोरगा शिकला, पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, माझी तक्रार नाही. फक्त पस्तिशीतच त्याची पाठ माझ्यापेक्षा जास्त दुखते.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. आपल्या मोकळ्या प्लॉटवर एक पाटी आहे: 'या जागेत खेळण्यास सक्त मनाई आहे.' 2009 साली चेंडूनं एका गाडीची काच फुटली, मोठं भांडण झालं, तेव्हाची ती पाटी. गेल्या मे महिन्यात नातू आला होता. त्यानं विचारलं, "आजोबा, हे कोणी लिहिलं?" मी म्हटलं, "कमिटीनं." खोटं बोललो. मजकूर माझा होता, पेंटरला पैसे मी दिले, अन् व्हाउचरवर सहीही माझीच आहे. काच बसवायला किती लागले ते मी आजही सांगू शकतो. पण सतरा वर्षं लेकरं खेळली नाहीत, त्याची नोंद मी कुठल्याच वहीत केली नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत त्या प्लॉटवर पार्किंग शेड टाकण्याचा विषय आहे. गाड्या वाढल्यात, अडचण खरी आहे, मलाही कळते. पण माझं मत आजच नोंदवा. निम्म्या जागेत तरी दोन ट्रॉल्या लाल माती टाका, एक डबल बार लावा. सकाळी सहा ते आठ मी तिथं खुर्ची टाकून बसेन. डाव शिकवता येणार नाहीत, पण कोण पडलं, कोण भांडलं, कोणाला पाणी पाहिजे, एवढं बघता येतं. काच फुटली तर पहिली काच माझ्या पेन्शनमधून.

आपापली लेकरं आपण सगळ्यांनीच वाढवली. दुसऱ्यांची लेकरं वाढवणारा मामा मात्र एखादाच असतो. आपल्या सोसायटीत पंचवीस वर्षांत बापमाणसं पुष्कळ झाली. आता थोडे मामा होऊ या.